सामन्याआधीचं तीर्थपुरी

जालन्याहून तीर्थपुरीला जायचं तर आधी अंबड गाठायचं. जालना बसस्थानकातून अंबडच्या गाड्या दिवसभर मिळतात. अंतर 25-26 किलोमीटरचं. तिथून पुढे घनसावंगी तालुक्यात शिरणारा रस्ता धरला की तीर्थपुरी येतं. जालना जिल्ह्याचा हा दक्षिण भाग गोदाकाठचा आहे. नदी ओलांडली की बीड जिल्हा सुरू होतो. मी निघालो होतो कबड्डीसाठी. या भागातल्या एका महाविद्यालयाचा संघ दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळणार होता. समोर शहरातला नावाजलेला संघ होता. जाणकारांच्या मते निकाल ठरल्यासारखाच होता, आणि तीर्थपुरीत तो निकाल मान्य असणारा माणूस भेटणं अवघड होतं. सामना कुणालाही बघता येतो. सामन्याच्या आदल्या दिवशीचं गाव बघायचं तर त्या गावातच मुक्काम टाकावा लागतो.

जालना सोडण्याआधी आझाद मैदानावर चक्कर मारली. ‘जालना सोन्याचा पालना’ असं इथली जुनी माणसं अजून अभिमानानं म्हणतात. आज या शहराची ओळख लोखंडी सळ्यांचे कारखाने आणि बियाण्यांचा व्यापार यांनी होते. जिल्हा म्हणून जालना वेगळा झाला तो 1 मे 1981 रोजी. खेळाच्या नकाशावर मात्र हे शहर ठळक झालं डिसेंबर 2018 मध्ये. त्या वर्षीची महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा याच मैदानावर झाली. अंतिम कुस्तीत एका बाजूला पुण्याचा अभिजित कटके होता, आदल्या वर्षी भूगावला गदा जिंकलेला. दुसऱ्या बाजूला बाला रफीक शेख, मूळचा सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातला, पण मातीत उतरला तो बुलडाण्याच्या नावानं. बालाचे वस्ताद, हिंदकेसरी गणपतराव आंदळकर, त्याच सप्टेंबरमध्ये निवर्तले होते. बालानं गतविजेत्याला 11-3 असं हरवलं आणि गदा बुलडाण्याला गेली. जालन्यात आजही कुस्तीचा विषय काढा. ती लढत बघितलेला माणूस हात उंचावून, खांदा वळवून डाव दाखवायला लागतो. गतविजेत्याला हरवता येतं, ही गोष्ट इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहे.

अंबडला मत्स्योदरी देवीचा डोंगर लांबूनच दिसतो. डोंगराचा आकार माशासारखा, म्हणून देवी मत्स्योदरी. नवरात्रात इथे मोठी यात्रा भरते. देवीला हात जोडून पुढे निघालं की जमिनीचा रंग आणि पीक दोन्ही बदलत जातात. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा 208 किलोमीटर लांबीचा आहे. तो अंबड, घनसावंगी, परतूर करत परभणीकडे जातो. त्या पाण्यावर इथला ऊस उभा आहे. शिवाय मोसंबीच्या बागा आहेतच. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मी गेलो तेव्हा गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, रस्त्याच्या कडेनं निघालेल्या बैलगाड्या, टोळ्यांच्या कोप्या. तीर्थपुरीत साखर कारखाना आहे, त्यामुळे या दिवसांत गावाकडे जाणारा रस्ता उसाच्याच तालावर चालतो. कुणालाही घाई करता येत नाही.

वाट थोडी वाकडी करायची तयारी असेल तर याच तालुक्यात जांबसमर्थ आहे, समर्थ रामदासांचं जन्मगाव. रामनवमीच्या दिवशी, 1608 साली, नारायण सूर्याजीपंत ठोसर हे मूल इथे जन्मलं. पुढे त्यांनी गावोगाव मारुती उभे केले आणि त्याबरोबर बलोपासनेचा आग्रह धरला. मारुतीसमोर मोकळी जागा, तिथे जोर-बैठका, कुस्ती, हुतूतू हा मराठी गावाचा जुना शिरस्ता. या हुतूतूला, म्हणजेच कबड्डीला, नियमांच्या चौकटीत बसवण्याचं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्र-गुजरातेत झालं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिचं प्रात्यक्षिक दाखवलं. 1990 पासून ती आशियाई स्पर्धांमध्ये आहे. शंकरराव उर्फ बुवा साळवी यांनी या खेळासाठी आयुष्य वेचलं. त्यांचा 15 जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. हा सगळा मोठा इतिहास तीर्थपुरीच्या मैदानावर कुणी सांगत नाही. तिथली पोरं तो संध्याकाळी पाच वाजता खेळतात.

तीर्थपुरी आता नगरपंचायतीचं गाव आहे. आजूबाजूच्या खेड्यांचा बाजार इथे भरतो. खतांची दुकानं, मोबाइलची दुकानं, कापडाची दुकानं, उसाच्या टोळ्यांना लागणारा किराणा, यांनी मुख्य रस्ता भरलेला असतो. गोदावरी जवळच, आणि जोगलादेवीचा उच्च पातळी बंधारा याच तालुक्यात आहे. बंधारे भरलेले असले की गावाच्या बोलण्यात उसाचा भाव, मोटारीची वेळ आणि बिबट्याची अफवा हे तीन विषय ठरलेले. त्या दिवशी चौथा विषय वर आला होता. पेपरवाल्याच्या टपरीवर, केशकर्तनालयात, चहाच्या हॉटेलात एकच प्रश्न : “उद्या किती वाजता हाय?”

मैदान गावाच्या कडेला होतं. माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून तयार केलेली. फक्कीनं आखलेल्या रेषा सरावानं पुसत आल्या होत्या, म्हणून एक पोरगा डबा घेऊन त्या पुन्हा आखत होता. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असतं. मधोमध मध्यरेषा, तिच्यापलीकडे निदानरेषा, तिच्यापलीकडे बोनसरेषा. एका वेळी सात खेळाडू. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. चढाईला मिळतात फक्त 30 सेकंद. बोनसरेषा ओलांडल्याचा जादा गुण, म्हणजे बोनस, समोर सहा किंवा सात जण असतील तरच मिळतो. तिघं किंवा त्याहून कमी उरले असताना चढाईपटूला पकडलं तर अव्वल पकड होते आणि एकाऐवजी दोन गुण मिळतात. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो : गुण नाही तर बाद. सगळेच्या सगळे बाद झाले तर लोण चढतो आणि समोरच्याला दोन गुण जादा मिळतात. एवढं ठाऊक असलं की कुणीही हा खेळ समजून बघू शकतो.

मी बराच वेळ डाव्या कोपऱ्यात खेळणाऱ्या मुलाकडे बघत बसलो. अंगानं बारीक, उंची बेताची. उजव्या हाताच्या अंगठ्याला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. चढाईपटू आत आला की बाकीचे सहा जण हलतात, हा जवळजवळ स्थिर. नजर चढाईपटूच्या डोळ्यांवर नाही, गुडघ्याच्या खाली. शेजारच्या खेळाडूचा हात त्यानं मनगटाशी धरलेला असतो आणि बोटांच्या दाबानं दोघं बोलतात. एकदा दाबलं की थांब, दोनदा दाबलं की मी जातोय. चढाईपटूनं बोनससाठी पाय पुढे टाकला, त्याचं वजन मागच्या पायावरून सुटलं, आणि त्याच क्षणी हा खाली गेला. दोन्ही पंजे घोट्याभोवती, डोकं बाजूला, खांदा पोटरीला टेकवलेला. चढाईपटू त्याच्यापेक्षा चांगलाच वजनदार होता. त्यानं याला हातभर फरफटत नेलं, पण घोटा सुटला नाही, आणि तोवर बाकीची साखळी येऊन पडली. उठताना त्यानं माती झटकली नाही, सरळ आपल्या जागेवर गेला. हीच पकड त्या संध्याकाळी त्यांनी पुन:पुन्हा केली.

“आता हेच मॅटवर करून बगा,” मैदानाच्या कडेला उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले. तरुणपणी ते जिल्ह्यात खेळलेले. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. अडचण त्यांनी नेमकी सांगितली. मातीत पाय घसरतो, त्यामुळे खेळाडू घसरण्याचा उपयोग करायला शिकतो. अंग झोकून देतो. मॅटवर पाय चिकटतो. बूट लागतात. वळायला गेलं की घोटा मुरगळतो, झोकून दिलं की कोपर सोलतं. चढाईपटूला पळायला मॅट बरी, पकडणाऱ्याला सवय नसेल तर तीच मॅट वैरी. शहरातले संघ वर्षभर मॅटवर असतात. “आमच्या पोरांला मॅट दिसती ती थेट स्पर्धेलाच. पहिले पाच मिनिटं तर पाय कुठं टाकावं हेच कळत नाही. तेवढ्यात सात-आठ गुण जातेत.”

बूट या वर्षी नवे होते. ते वर्गणीतून आले होते. वर्गणी कुणी दिली याची यादी कुणाकडे नव्हती, पण हॉटेलात बसल्यावर ती आपोआप तयार झाली. खताच्या दुकानदारानं दोन जोड, जुन्या खेळाडूंनी मिळून तीन, मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोरानं एक. उसाच्या ट्रॉलीवरचा एक ड्रायव्हर म्हणाला, “मी कधी खेळलो नाही, पण माझ्या ट्रॅक्टरच्या उजेडात पोरं खेळलेत. आठ दिवस लाइट नव्हती, तवा मी गाडी मैदानाला लावून ठेवायचो.”

मग बोलणं सामन्यावर आलं. दुबळ्या संघाचे पाठीराखे फुशारक्या मारतात असा समज आहे. मला तीर्थपुरीत दिसला तो हिशेब होता. समोरच्या संघाचे सामने त्यांनी मोबाइलवर पाहिले होते, थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहिले होते.

“त्यांचा मेन चढाईवाला कायम त्याच्या उजव्या अंगानं येतो,” मामांनी चहाच्या कपानं टेबलावर जागा दाखवली. “म्हणजे येतो कुणाकडं? आपल्या डाव्या कोपऱ्याकडं. बरोबर? त्याला पहिल्या दहा मिनिटांत दोनदा बसवला, की मग त्यांच्याकडं दुसरा तसा नाही.”

“पण मामा, तो बोनस घेऊन जाईन ना. बोनसला आपले पोरं फसतेत.”

“घेऊ द्या बोनस. एक-एक गुणानं कुणी मरत नाही. टच देऊ नका, एवढंच.”

“अन् लोण चढला तर?”

“चढला तर चढला. मधल्या सुट्टीला आठच्या आत ठेवायचं. दुसऱ्या डावात ते दमतेत. परवाच्या सामन्यात बगितलं नाही का? शेवटचे सात मिनिटं नुसती वेळ काढायले होते.”

ट्रॅक्टरवाला, दुकानदार, केस कापून थेट आलेला एक जण, सगळे यात बोलत होते आणि प्रत्येकाजवळ बारकावा होता. उजव्या कोपऱ्यातल्या खेळाडूचा खांदा गेल्या महिन्यात दुखावला होता, म्हणून त्याला धडक (डॅश) मारायला लावू नये. तिसऱ्या चढाईला कुणाला पाठवायचं यावर दोन मतं होती आणि दोन्ही बाजूंना पुरावे होते. संघ कमी मानला जातो तो का, हे त्यांना बाहेरच्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. वजन कमी, मॅटची सवय नाही, राखीव खेळाडू कच्चे. हे सगळं मोजून झाल्यावर जे शिल्लक राहत होतं त्यावर त्यांची आशा उभी होती. मला ही आशा फार मोलाची वाटते. ती डोळे मिटून धरलेली नाही. रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभं राहून, एकेका पोराचा पाय, श्वास, राग ओळखून ती कमावलेली आहे.

या सामन्याला एवढं महत्त्व का, हेही समजून घ्यायला हवं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ 1958 साली स्थापन झालं. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चमकणाऱ्या खेळाडूंमधून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत जातो, आणि राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवातही खेळतो. तिथून पुढे वाटा फुटतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, बँका यांचे संघ आहेत. 2014 पासून प्रो कबड्डी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणनं 2024 मध्ये ती जिंकली, तेव्हापासून मराठवाड्यातल्या पोरांनाही ते अंतर चालण्यासारखं वाटू लागलं आहे. दोन एकर कोरडवाहू असलेल्या घरातल्या मुलासाठी एका सामन्यात निवडकर्त्यांच्या नजरेत भरणं ही आयुष्य वळवणारी गोष्ट असू शकते. हे सगळ्या पाठीराख्यांना ठाऊक असतं. म्हणून ते ओरडतात तेव्हा खेळासाठी ओरडतातच, पण त्या पोराच्या घरासाठीही ओरडतात.

दुबळ्या संघानं जिंकावं, ही ओढ फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलची मोठी स्पर्धा 1939 पासून वसंतात होते. आता तिच्यात 68 संघ असतात आणि हरला की घरी, असा नियम. चार विभागांत संघांना पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत मानांकन देतात, आणि पहिल्याची गाठ सोळाव्याशी पडते. 2018 पर्यंत पुरुषांच्या स्पर्धेत सोळावा संघ पहिल्याविरुद्ध एकदाही जिंकला नव्हता. असे 135 सामने तो ओळीनं हरला होता. 16 मार्च 2018 रोजी मेरीलँड विद्यापीठ, बाल्टिमोर काउंटी या सोळाव्या मानांकनाच्या संघानं पहिल्या मानांकनाच्या बलाढ्य व्हर्जिनियाला 74-54 असं हरवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात भारताला 27-24 असं नमवलं. त्याआधीची दोन्ही सुवर्णपदकं भारताची होती. इराणच्या त्या मुलींना घडवलं होतं नाशिकच्या प्रशिक्षक शैलजा जैन यांनी. आपला संघ हरला याचं दु:ख झालंच, पण कबड्डीची विद्या एका मराठी बाईनं परक्या देशात नेऊन रुजवली याचा अभिमानही वाटला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जालन्याची ती महाराष्ट्र केसरी. बाल्टिमोर, जकार्ता, जालना. तिन्हीकडे कुणीतरी सामन्याआधी बसून तोच हिशेब केला असणार : त्यांचं बलस्थान कोणतं, आपल्याजवळ काय आहे, आणि पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं.

रात्री जेवायला डाव्या कोपऱ्यातल्या त्या मुलाच्या घरी बोलावणं होतं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. मुलगा लवकर जेवून झोपायला गेला होता. त्याची आई दिवसभर कापूस वेचून आलेली. त्या कधी मैदानावर गेल्या नव्हत्या, पण सामने मोबाइलवर बघत होत्या. “ताई, काही सांगितलं का त्याला?” मी विचारलं. “सांगितलं ना. पडला तर पडू दे म्हनलं, पाय सोडू नको.” मामा दिवसभर जे समजावत होते त्याचं सार त्यांनी एका वाक्यात दिलं.

सकाळी जाण्यासाठी दोन क्रूझर ठरल्या होत्या. डिझेलचे पैसे माणशी गोळा झाले. ज्यांना उसाची टोळी सोडून येता येणार नव्हतं त्यांनीही दिले. हलगी न्यायची की नाही यावर बराच वेळ चर्चा झाली. कबड्डीत चढाईपटूचा दम पंचांना स्पष्ट ऐकू यावा लागतो. कबड्डी-कबड्डी हा उच्चार तुटला असं पंचांना वाटलं तर चढाई वाया जाते. आपल्याच हलगीनं आपल्या पोराचं नुकसान व्हायचं, ही शंका एका शाळकरी मुलानं काढली आणि सगळ्यांनी ती मानली. ठरलं असं : हलगी न्यायची, पण चढाई सुरू झाली की हात थांबवायचा. चढाई संपली, गुण मिळाला, की मग वाजवायची. हलगीवाला म्हणाला, “म्हणजे मलाबी तीस-तीस सेकंदांचा दम धरायचा.” पाठीराखा असणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं वर्णन मला करता येणार नाही.

वाचकांपैकी कुणाला या बाजूला यायचं असेल तर हिवाळा उत्तम. मत्स्योदरी, जांबसमर्थ आणि गोदाकाठ एका फेरीत होतात. महाविद्यालयांच्या स्पर्धा साधारण याच काळात चालतात. बघायला तिकीट नसतं. महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात विचारलं की तारखा कळतात. शक्य तर आदल्या संध्याकाळी या आणि सराव बघा.

आणि परत जाताना एक गोष्ट मनावर घ्या. तीर्थपुरीच्या हिशेबात वजन, दम, डाव, वेळ सगळं होतं. हे सगळं पोरांच्या आणि मामांच्या हातात आहे, आणि त्यावर ते रोज मेहनत घेत आहेत. एकच रकाना त्यांच्या हाताबाहेरचा आहे : मॅट. एक मीटर लांब-रुंद अशा 130 तुकड्यांत पुरुषांचं अख्खं मैदान तयार होतं. वर छप्पर असलं तर पावसातही खेळता येतं. प्रत्येक तालुक्याला असं एक मैदान उभं करणं साखर कारखाने, बाजार समित्या, नगरपंचायती आणि शासन यांना मिळून अशक्य नाही. दुबळा म्हणून मैदानात उतरणारा संघ जिंकला की आपल्याला आनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण पोरांना सरावाची जागाच नाही म्हणून ती दुबळी ठरत असतील, तर त्यात बदल करणं त्यांचं काम नाही, आपलं आहे. सामना ती खेळतील. मॅटचं आपण बघायचं.